गुरखाचे दोन लॉकर आणि मनालीच्या पुढचा बर्फ

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे जे डिफरन्शियल लॉक येतात ते खोल भुसभुशीत बर्फात कमाल आहेत, या किमतीत दुसरं काहीही त्यांच्या जवळपास येत नाही. आणि तेच लॉक गोठून गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर लावून ठेवले तर गाडी सरळ दरीच्या बाजूला घसरायला मदत करतात. दोन्ही वाक्यं एकाच गाडीबद्दल आहेत आणि दोन्ही खरी आहेत, म्हणूनच एवढं मोठं लिहायला बसलोय.

माझी गाडी म्हणजे २०२४ च्या अपडेटनंतरची फाइव्ह-डोअर. पुण्याचा माणूस, पुण्याची कंपनी, त्यामुळे घेताना घरच्यांना "आपल्या आकुर्डीची गाडी आहे" एवढं सांगून निम्मा विरोध मोडून काढता आला. २.६ लिटर डिझेल, १४० पीएस, ३२० न्यूटन मीटर, पाच गिअरचं मॅन्युअल, ग्राउंड क्लिअरन्स २३३ मिमी, स्नॉर्कल कंपनीतूनच. ही सगळी माहिती ब्रोशरमध्ये आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. मुळशी-लोणावळ्याच्या चिखलात ही गाडी काय करते यावर पण भरपूर व्हिडिओ पडलेत. बर्फाबद्दल मात्र मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि दर डिसेंबरला आपल्याकडचे एमएच पासिंगवाले थवेच्या थवे अटल टनेलकडे निघतात, त्यातले बरेच जण "आपल्याकडे फोर बाय फोर आहे" या एकाच भांडवलावर.

आधी लॉक म्हणजे काय ते, कारण इथेच अर्धे गैरसमज आहेत. डिफरन्शियल (डिफ) म्हणजे एका ॲक्सलच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा. साध्या म्हणजे ओपन डिफमध्ये एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, सारखाच मिळतो. लोक म्हणतात घसरणाऱ्या चाकाला सगळी ताकद जाते, तसं नाहीये. घसरणारं चाक जेवढा टॉर्क पेलू शकतं तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, आणि बर्फावरचं चाक पेलणार काय तर जवळजवळ काहीच नाही, म्हणून दुसरं चाक कोरड्या खडीवर असलं तरी गप्प उभं राहतं. बैलजोडीतला एक बसकण मारून बसला की दुसरा कितीही तगडा असो, गाडी जागची हलत नाही, तोच प्रकार. लॉक लावला की दोन्ही चाकं एका दांड्यावर बसवल्यासारखी एकाच वेगाने फिरतात, मग ज्याला पकड आहे ते चाक ओढून नेतं.

गुरखात चारही चाकांची पॉवर नॉबने लागते, टू-एच (फक्त मागची दोन चाकं) वरून फोर-एच (चारही चाकं, नेहमीचे गिअर) चालत्या गाडीत, फोर-एल (चारही चाकं, वेग कमी आणि ओढ जास्त) साठी थांबून क्लच दाबून. लॉक मात्र दोन सीटच्या मधल्या दोन वेगळ्या लिव्हरने, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा, हाताने ओढायचे. थार २०२० मध्ये आली तेव्हा तिच्यात मागे ईटनचा मेकॅनिकल लॉकर मिळायचा, तो स्वतःहून लागतो, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की खटकन लॉक, आणि ३० च्या आसपास वेगाच्या वर लागतच नाही. थार रॉक्सच्या फोर बाय फोरला बटणाचा इलेक्ट्रॉनिक लॉक आहे, तोही फक्त मागे. जिम्नीला लॉक नाहीच, घसरणारं चाक ब्रेकने पकडून दुसरीकडे ताकद देण्याची युक्ती आहे. गुरखात कॉम्प्युटर मधे पडत नाही. तुम्ही लावलात तर लागला, काढलात तर निघाला (निघाला म्हणजे लगेच निघतोच असं नाही, त्यावर पुढे येतो).

आता बर्फ. मनालीतून पलचान, सोलंग, मग धुंडी आणि तिथून टनेलचं दक्षिणेचं तोंड, बाहेर पडलात की लाहौल, सिस्सू, कोकसर, केलाँग. टनेल ९.०२ किमीचं, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर. ते झाल्यापासून रोहतांग (३,९७८ मीटर) न चढता हिवाळ्यात पलीकडे जाता येतं, आणि म्हणूनच गर्दी. बर्फ पडायला लागला की पोलिस खालीच नेहरू कुंड, पलचान किंवा सोलंगजवळ गाड्या अडवतात आणि फोर बाय फोरलाच पुढे सोडतात, तेही परिस्थिती बघून. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि टनेलच्या मधे हजारेक गाड्या अडकल्या होत्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील, बाजूने गाडी घसरत चाललीय आणि ड्रायव्हर दार उघडून उडी मारतोय. त्यात फोर बाय फोर पण होत्या. तेव्हापासून मला हे लिहायचं होतं.

ताजा पडलेला, गुडघ्याच्या खालपर्यंतचा बर्फ म्हणजे गुरखाचं घरचं मैदान. सिस्सूच्या पुढे एका गावाकडे जाणारा छोटा चढ होता, बर्फ हटवणारा नांगर न फिरलेला, आधी गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या, बाकी पांढरंफटक. फोर-एल, दुसरा गिअर, लॉक न लावता गाडी अर्ध्यावर जाऊन थांबली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक फिरतायत आणि बाकी दोन आराम करतायत. क्लच दाबला, मागचा लिव्हर ओढला. लगेच लागला नाही, दिवा लुकलुकायला लागला, हातभर मागे घेतल्यावर आतून "टक्" असा आवाज आला आणि दिवा स्थिर झाला. मग क्लच अगदी हळू सोडला, ॲक्सिलरेटर जवळजवळ नाहीच, आणि गाडी चालायला लागली, उड्या नाहीत, टायरचा आवाज नाही, डिझेलची आपली ती घुरघुर आणि बर्फ दबल्याचा करकर आवाज. वर जाईपर्यंत पुढचा लॉक लावायची वेळच आली नाही. इथे खरं सांगायचं तर मजा आली, पैसे वसूल वाटले.

३२० न्यूटन मीटर आकडा म्हणून आजकाल कोणाला मोठा वाटणार नाही, पण तो कमी आरपीएमला मिळतो आणि बर्फात तेच हवं असतं. आपल्याकडे चिखलात सवय असते की मोमेंटम ठेवा, गॅस सोडू नका, चाक फिरू द्या, टायर आपला चिखल झाडेल. बर्फात ती सवय घरी ठेवून यायची. चाक एकाच जागी फिरलं की घर्षणाने खालचा बर्फ वितळतो, लगेच परत गोठतो, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने टायरखाली आरसा बनवलेला असतो. दोनदा फिरलं आणि हललं नाही की थांबा, आपल्याच चाकोरीतून मागे या, परत प्रयत्न करा. मागे आलेला माणूस हुशार असतो हे तिकडच्या ड्रायव्हर लोकांना सांगावं लागत नाही.

लॉक जिथे हतबल होतो तेही सांगतो. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा डिफच्या गोळ्यापेक्षा वर गेला की गाडी पोटावर बसते, मग चारही चाकं एकदिलाने हवेत फिरतात आणि लॉकचा उपयोग शून्य. तिथे फावडं. २३३ मिमी चांगला आहे पण बर्फाला आकड्यांचं काही नसतं. फावडं घेतल्याशिवाय टनेलच्या पलीकडे जाऊ नका, लोक लाइटबारवर वीस हजार घालवतात आणि फावडं घेत नाहीत.

आता खरा मुद्दा, गोठलेला रस्ता. सोलंग ते धुंडी या पट्ट्यात बरीच वळणं दिवसभर सावलीत असतात. दुपारी बर्फ वितळून पाणी रस्त्यावरून वाहतं, चार वाजले की तेच पाणी गोठायला लागतं. रस्ता काळाच दिसतो, ओला दिसतो, पण तो ओला नसतो. तिकडचे लोक याला "पाला जमा है" (पाला म्हणजे गोठलेलं दव) म्हणतात आणि ते म्हणाले की मी तरी वाद घालत नाही. आणि एक उलटं वाटणारं पण खरं: उणे पंधरातल्या कडक बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. म्हणजे कडाक्याच्या पहाटेपेक्षा ऊन उतरतानाची संध्याकाळ जास्त वाईट, आणि पर्यटक नेमके त्याच वेळी परत फिरतात.

आकडा हवा असेल तर: कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि असल्या काचेवर ०.१ किंवा त्याहून कमी. शाळेतलं सूत्र लावा, ३० च्या स्पीडला कोरड्यावर गाडी पाचेक मीटरमध्ये थांबते, बर्फाच्या काचेवर ३५ मीटर लागतात, तेही सपाट रस्त्यावर, उतारावर त्याहून जास्त. ३० म्हणजे आपण सोसायटीच्या गेटमधून जातो तो स्पीड. आणि या सगळ्या हिशोबात फोर बाय फोर कुठेच येत नाही, लॉकही येत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतो, अल्टोला पण. गाडी जड आहे म्हणून जास्त चिकटते हाही भ्रम आहे, वजनाने पकड वाढते तशी थांबवायची ताकदही तेवढीच जास्त लागते, हिशोब बरोबरीत सुटतो. फरक एवढाच की दोन टनांची गुरखा कशावर जाऊन आदळली तर आवाज मोठा येतो.

मग लॉक लावून ठेवला तर बिघडतं काय? हे मी एका मोकळ्या जागेवर मुद्दाम करून बघितलं, रस्त्यापासून बाजूला, एका अंगाला किंचित उतार, खाली गोठलेला थर, घसरली तरी फार तर बर्फाच्या ढिगाला टेकेल अशी जागा. उतार डावीकडे. आधी फोर-एच, लॉक बंद, दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघालो. एक चाक मागे थोडं फिरलं, पण गाडी सरळ रेषेत राहिली. मग फोर-एल, मागचा लॉक लावून तेच. गाडी सुटताना जोर जास्त होता हे जाणवलं, आणि लगेच मागचा भाग हळूच, अगदी सावकाश, डावीकडे सरकायला लागला. स्टिअरिंग सरळ, गाडी पुढे जातेय आणि ढुंगण उताराला चाललंय. ॲक्सिलरेटर सोडला तेव्हा थांबलं. ज्या लोकल ड्रायव्हरच्या गाडीमागून आम्ही आलो होतो तो हात जॅकेटमध्ये कोंबून बघत होता, म्हणाला, "भाईजी, लॉक चढ़ने के लिए है, चलने के लिए नहीं." त्याने एका वाक्यात सांगितलं त्याला मी इतके परिच्छेद घेतले.

कारण असं की टायरची पकड ही एकच पुंजी असते, ती पुढे ढकलायला वापरा नाहीतर बाजूला घसरू नये म्हणून वापरा. ओपन डिफमध्ये एक चाक फिरायला लागलं तरी दुसरं शांतपणे लोळत असतं, त्याची पकड शाबूत असते, ते चाक गाडीचं शेपूट जागेवर धरून ठेवतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकदम सुटतात, धरून ठेवणारं कोणी उरत नाही, मग रस्त्याचा उतार जिकडे तिकडे गाडी. घाटरस्त्याला वळणावर उतार दिलेलाच असतो, कधी डोंगराकडच्या गटाराला, कधी दुसरीकडे, आणि दुसरीकडे म्हणजे बियास किंवा चंद्रा नदी.

पुढचा लॉक तर त्याहून अवघड पाहुणा. तो लावल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि गाडीला वळायचंच नसतं, चाकं वळलेली दिसतात पण गाडी सरळ निघते. खोल बर्फातून सरळ बाहेर पडायला, अडकलेल्या जागेतून दहा-पंधरा फूट काढायला उत्तम. वळणदार गोठलेल्या रस्त्यावर त्याचं नाव काढू नका. मी तरी दोन्ही लॉक एकत्र फक्त गाडी रुतली तरच लावतो, फोर-एल मध्ये, आधी मागचा, मग गरज पडली तर पुढचा, आणि बाहेर आलो की आधी पुढचा काढायचा.

आणि हा "काढायचा" प्रकार गुरखा घेणाऱ्याने नीट समजून घ्यावा. मेकॅनिकल लॉक म्हणजे आत दातऱ्यात दातरा बसलेला असतो. चाकांवर ताण असेल तर लिव्हर खाली केला तरी दातरा अडकून राहतो. तुम्हाला वाटतं निघाला, डॅशवरचा दिवा मात्र चालूच. थोडं मागे घ्या, स्टिअरिंग डावी-उजवी हलवा, ताण सुटला की निघतो. माझा नियम असा की चढ संपल्यावर सपाटीला थांबायचं, लिव्हर सोडायचे, दिवा विझलेला डोळ्याने बघायचा, मगच उताराला नाक लावायचं. उतारावर अर्ध्यात लक्षात आलं तर तिथे मागे-पुढे करायची सोय नसते. लोक म्हणतात उतारावर लॉक लावला तर इंजिन ब्रेकिंग चारही चाकांवर सारखं पडतं. सरळ, दगडधोंड्यांच्या उतारावर हे अगदी बरोबर आहे. हिमाचलचा रस्ता सरळ असता तर मीही लावला असता.

उतरताना मी फोर-एल आणि दुसरा गिअर वापरतो, पहिला नाही. पहिल्यात गाडी इतकी हळू होते की चाकं रस्त्यापेक्षा कमी वेगाने फिरायला लागतात आणि ब्रेक न दाबताच घसरण सुरू होते. तसं झालं तर ब्रेककडे पाय न्यायचा नाही, किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा किंवा क्लच दाबून चाकांना मोकळं लोळू द्यायचं, पकड परत आली की सोडायचा. सांगायला सोपं, करताना पोटात गोळा येतो. शेजारी बसलेली माणसं ओरडतात ती वेगळी. गुरखाला एबीएस आहे पण ईएसपी नाही, म्हणजे गाडी आडवी व्हायला लागली तर एकेक चाकाला ब्रेक लावून सरळ करणारं कोणी आत बसलेलं नाही. या किमतीत २०२४ साली हे द्यायला हवं होतं, हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. लॉक दोन देता आणि हे देत नाही, म्हणजे गाडी बर्फातून वर न्यायचा विचार झालाय, खाली आणायचा ड्रायव्हरवर सोडलाय.

टनेलची एक गंमत. गुरखाची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, मधे सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही, म्हणजे फोर-एच मध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकत्र बांधलेले. बर्फावर चालतं, चाकं थोडी घसरून फरक भरून काढतात. टनेलच्या आत नऊ किलोमीटर रस्ता कोरडा. तिथे फोर-एच ठेवून गेलात तर ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) फुकटचा ताण, आणि बाहेर पडल्यावर गाडी ओढल्यासारखी का वाटतेय याचा विचार करत बसाल. तोंडाशी टू-एच, पलीकडे बाहेर पडण्याआधी परत फोर-एच, कारण उत्तरेच्या तोंडाबाहेर लगेच काय असेल ते सांगता येत नाही, या बाजूला ऊन आणि त्या बाजूला हिमवादळ असंही असतं. चालत्या गाडीत नॉब फिरवता येतो हे इथे फार उपयोगी पडतं, जुन्या लिव्हरवाल्या गाड्यांचे लोक तोंडाशी थांबून शिव्या खातात.

टायर. कंपनीचे २५५/६५ आर १८ येतात, रस्त्याला आणि चिखलाला बरे. पण साधं रबर सात अंशाच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि उणे दहाला तर टायरची नक्षी कितीही रांगडी असो, खालचं रबर लाकूड झालेलं असतं. टायरवर एम प्लस एस लिहिलंय म्हणून खुश होऊ नका, ते शब्द नक्षीबद्दल आहेत. डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फात तपासलेला आहे असं समजायचं. भारतात असे टायर या मापात सहज मिळत नाहीत, म्हणून चेन, म्हणजे टायरवर चढवायच्या साखळ्या. हवेचं पण बघा, तापमान साधारण साडेपाच अंशाने उतरलं की एक पीएसआय कमी होतो, उंचीमुळे गेज थोडं वाढीव दाखवतं पण थंडी जास्त खाते, त्यामुळे पुण्यात ३२ भरून निघालात आणि सिस्सूत सकाळी टीपीएमएसवर (टायरची हवा दाखवणाऱ्या यंत्रणेवर) कमी दिसलं तर पंक्चर समजून घाबरू नका. खोल बर्फात मी मुद्दाम २० पर्यंत उतरवतो, परत डांबरावर आलं की भरायचं, म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच.

चेनबद्दल, माझं मत ठाम आहे की गोठलेल्या रस्त्यावर चार चेन लावलेली साधी गाडी ही दोन लॉक लावलेल्या बिनचेनच्या गाडीपेक्षा सुरक्षित. चेन तिन्ही कामं करते, ओढते, वळवते, थांबवते. लॉक फक्त ओढतो. दोनच चेन असतील तर कुठे लावायच्या यावर तिकडे चहाच्या टपरीवर तास-तास वाद होतात. फक्त पुढे लावल्या तर उतरताना मागचा भाग फिरून पुढे यायला बघतो, फक्त मागे लावल्या तर स्टिअरिंग नावापुरती उरते. चार घ्या, विषय संपला. मी पहिल्यांदा वाटेत एका दुकानातून भाड्याने घेतल्या त्यांचा एका बाजूचा ताण देणारा हुक चालता चालता उघडला आणि साखळी फेंडरच्या आत धाड धाड आपटायला लागली, नशीब वेग पायी चालण्याएवढा होता. तेव्हापासून स्वतःच्या. घरी पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघा, कारण तिथे हातमोजे घालून हुक अडकत नाही आणि हातमोजे काढले की दोन मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. चेन लावून चाळीसच्या वर जायचं नाही आणि टनेलच्या कोरड्या रस्त्यावर चढवून ठेवायच्या नाहीत, तुटतात आणि रस्ताही खराब करतात.

मुक्कामाचं थोडक्यात. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल धरून गोठला तर सकाळी मागची चाकं हलत नाहीत, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड, लोकल सगळे तेच करतात. वायपर उभे करून ठेवा. डिझेल खालूनच टाकी फुल करून आणलेलं असेल तर कडक थंडीत त्यात मेण धरतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाख आणि लाहौल-स्पितीसारख्या भागासाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. त्यामुळे पलीकडे राहणार असाल तर टाकी अर्धी रिकामी नेऊन तिकडच्या पंपावर भरणं शहाणपणाचं.

थ्री-डोअर की फाइव्ह-डोअर असं बरेच जण विचारतात. थ्री-डोअरचा व्हीलबेस २,४०० मिमी, फाइव्हचा २,८२५. अरुंद रस्त्यावर बर्फात मागे-पुढे करून गाडी वळवायची असेल तर छोटी लय भारी, मोठीला जागा लागते आणि दरीच्या कडेला ती जागा मागताना जीव वरखाली होतो. पण घसरताना छोटी पटकन गोल फिरते, मोठी जरा वेळ देते, तेवढ्या वेळात माणूस काहीतरी करू शकतो. ईएसपी नाही म्हटल्यावर मी वेळ देणारी निवडेन. बाजारात आल्या तेव्हा एक्स-शोरूम १६.७५ लाख आणि १८ लाख होत्या, आता बघून घ्या.

जिम्नीवाले मित्र सोबत होते, त्यांचा हेवा कुठे वाटला ते पण लिहितो. हलकी, अरुंद, बाराशे किलोच्या आसपास, आपल्याआप ब्रेकने चाक धरते, लिव्हर-बिव्हर काही लक्षात ठेवायला नको, ईएसपी आहे. गोठलेल्या डांबरावर ती माझ्यापेक्षा निवांत चालत होती, कबूल. मग नांगर न फिरलेला चढ आला आणि ती पोटावर बसली, तिला मीच पट्ट्याने ओढून काढली, दोन्ही लॉक लावून, त्या दिवशी पुढचा लॉक पहिल्यांदा कामाला आला. रात्री जेवताना दोघांनीही आपापलीच गाडी भारी असं सांगितलं.

तर ज्यांचं बर्फात जाणं म्हणजे वर्षातून एकदा सोलंगला फोटो काढण्यापुरतं आहे त्यांनी लॉकसाठी म्हणून गुरखा घेऊ नये. मनालीत लोकल फोर बाय फोर ड्रायव्हरसकट मिळते, तो माणूस तो रस्ता रोज चालवतो, त्याला पैसे द्या आणि मागे बसून शेंगदाणे खा. ज्यांना हिवाळी स्पिती, लाहौलच्या आतली गावं, नांगर न फिरलेले फाटे करायचेत आणि लिव्हर कधी सोडायचा हे शिकायची तयारी आहे त्यांनी डोळे झाकून घ्या. चेन मात्र इथूनच, २५५/६५ आर १८ मापाच्या, चार नग, घेऊन निघा. तिकडे भाड्याने बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हीच्या मापाच्याच ठेवलेल्या असतात, आणि दुकानदार "फिट हो जाएगी" असंच म्हणतो.